आधी झोप, मग सोफा

प्रश्न : बेसा भागात तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. मुलगा पुण्याला गेल्यापासून रिकामाच होता. दिवाळीपासून आम्ही तो दोन-चार दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यांना देऊ लागलो. हिवाळ्यात बरं चाललं. मार्चपासून मात्र ‘घर छान, पण झोप झाली नाही’, ‘बाथरूममध्ये वास येतो’, ‘थंड नळालाही उकळतं पाणी’ असं पाहुणे लिहून जाताहेत. डेकोरेटर म्हणतो, फॉल्स सिलिंग करा, मखमली सोफा घ्या, भिंतीला वॉलपेपर लावा. हाताशी दोन लाख रुपये आहेत. ते कशावर घालू? आणि ह्यांना हॉलमध्ये बंगई, म्हणजे झोपाळा, हवी आहे, ती लावावी का?
– एक वाचक, बेसा, नागपूर

उत्तर : ताई, पाहुण्यांच्या तक्रारी पुन्हा एकदा वाचा. झोप, वास, पाणी. त्यात सोफ्याचं नाव नाही, भिंतीचं नाही आणि छताचंही नाही. नागपूरला दोन दिवस मुक्कामी येणारा माणूस हॉलमध्ये बसायला येत नाही. डिसेंबरात विधिमंडळ अधिवेशनाच्या कामाने आलेला कर्मचारी दिवसभर बाहेर असतो. ताडोबाला जाणारं कुटुंब पहाटे तीनला निघतं, कारण मोहर्ली गेट गाडीने साधारण तीन तासांवर आहे आणि सकाळची सफारी उजाडताच सुरू होते. दवाखान्यासाठी बालाघाट, छिंदवाडा, चंद्रपूरकडून आलेली माणसं थकलेली आणि काळजीत असतात. लग्नाला किंवा दसऱ्याला दीक्षाभूमीवर आलेल्यांना पाठ टेकायला आणि तयार व्हायला जागा हवी असते. या सगळ्यांचं तुमच्या घरात काम दोनच गोष्टींशी : शांत झोप आणि सकाळची धड आंघोळ. म्हणून पैसा आधी बेडरूम आणि बाथरूममध्ये घाला. हॉलला शेवटी जे उरेल ते.

सुरुवात उन्हापासून करू. शेवटच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री एक-दोनपर्यंत ती धग खाली सोडत राहतो. ती वरूनच अडवावी लागते. सोसायटीची लेखी परवानगी घ्या, गच्ची धुऊन भेगा बुजवा आणि ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात द्या. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका, नाहीतर पापुद्रे निघतात. रंगावर धूळ बसली की त्याचा गुण कमी होतो, तेव्हा उन्हाळ्यात महिन्यातून एकदा गच्ची धुवायची. फॉल्स सिलिंगनेही थोडा थंडावा येतो, हे खरं. पण शेवटच्या मजल्यावर स्लॅब कुठे झिरपतो ते त्याच्यामागे दडून राहतं, आणि कळतं तेव्हा जिप्समचा तुकडा फुगून पलंगावर आलेला असतो. तुमच्या घरात ते नकोच.

पश्चिमेच्या खिडकीला आतून कितीही जाड पडदा लावला तरी उपयोग अर्धाच, कारण काच तापली की धग आत आलेलीच असते. ऊन काचेच्या बाहेरच थांबवायचं : बांबूची चिक किंवा हिरवी जाळी, खिडकीपासून चार-सहा इंच पुढे, मध्ये हवा खेळेल अशी. आतला गडद अस्तराचा पडदा वेगळ्या कारणासाठी लावायचा. मे महिन्यात इथे साडेपाचला उजाडतं आणि रात्री बाराला पोहोचलेल्या पाहुण्याला आठपर्यंत अंधार हवा असतो. पडद्याचा रॉड खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्हीकडे सहा इंच लांब घ्या, म्हणजे कडेने प्रकाशाची पट्टी येत नाही.

१० बाय १२ च्या खोलीला एरवी एक टनाचा एसी पुरतो. तुमच्याकडे वर उघडी गच्ची आहे, त्यामुळे दीड टनाचाच घ्या. बाहेर ४५ अंश असताना कोणत्याही एसीची ताकद घटते. लहान एसी मग क्षणभरही थांबत नाही, खोली २८ च्या खाली जात नाही आणि पाहुणा बिचारा रिमोटवर १६ लावून बसतो. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या उन्हात, भिंतीला चिकटवून बसवू देऊ नका. त्याला सावली आणि मागेपुढे मोकळी हवा हवी. दोन्ही खोल्यांत एसी बसवायला दोन लाखांत जमणार नाही. मोठ्या खोलीत एसी, धाकट्या खोलीत कूलर.

कूलरला कमी लेखू नका. उन्हाळ्यात आपली हवा इतकी कोरडी असते की ४३ अंशांची हवा ओल्या ताट्यांतून, म्हणजे कूलरच्या गवत भरलेल्या बाजूंतून, नीट आली तर २७-२८ अंशांपर्यंत उतरते. पण मुंबई-कोकणाकडच्या माणसाला कूलर कसा वापरायचा ते ठाऊक नसतं. तो एसीसारखी सगळी दारं-खिडक्या लावून घेतो, आत आलेल्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट राहत नाही, तासाभरात खोली दमट होते आणि अंथरूण ओलसर लागू लागतं. तुमच्याकडे ‘झोप झाली नाही’ असं लिहिणाऱ्यांपैकी काहींचं हेच झालं असावं. कूलर खिडकीबाहेर, बाहेरची हवा ओढेल असा बसवा आणि स्विचशेजारी ठळक अक्षरात चिठ्ठी लावा : कूलर सुरू असताना समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवावी. त्या खिडकीला डासांची जाळी हवीच, नाहीतर कोणी ती उघडणार नाही.

मे महिन्याच्या दुपारी मोठा कूलर तासाला १० ते १५ लिटर पाणी सहज पितो. ६० लिटरची टाकी चार ते सहा तासांत रिकामी होते. झोपलेल्या पाहुण्याला ते कळत नाही. पंप कोरडा फिरून जळतो आणि पहाटे गरम झोत सुरू होतो. त्यावर इलाज स्वस्त आहे : नळाची एक बारीक लाइन कूलरपर्यंत आणून आत फ्लोट वॉल्व्ह, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारी तोटी, बसवायचा. ताट्यांतलं गवत दर मार्चमध्ये बदला. बोअरचं पाणी असेल तर महिन्याभरात गवतावर पांढरा क्षार धरतो आणि हवा आत येईनाशी होते. तेव्हा आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा. रिकामी करताना आतल्या भिंती ब्रशने घासाही. डेंग्यूचा डास पाण्याच्या कडेला भिंतीवर अंडी चिकटवतो. नुसतं पाणी ओतून दिलं तर ती तशीच राहतात, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

आता कूलरच्या करंटबद्दल, आणि हे कृपा करून उद्यावर टाकू नका. विदर्भात दर उन्हाळ्यात पत्र्याच्या कूलरला हात लागून माणसं, विशेषतः लहान मुलं, दगावतात. पंपाच्या वायरचं आवरण पाण्यात कुजतं, करंट पत्र्यात उतरतो, आणि खाली ओली फरशी असते. घरच्या माणसाला सवयीने कळतं की पाणी भरताना बटण बंद करायचं. परक्याला कळत नाही. इलेक्ट्रिशियनकडून तीन गोष्टी करून घ्या. कूलरला तीन पिनांचाच प्लग आणि पत्र्याला पक्की अर्थिंग. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच. आणि घराची अर्थिंग खरंच जिवंत आहे का याची मोजणी, कारण बऱ्याच इमारतींत तिसऱ्या पिनेत वायर असते, पण ती जमिनीपर्यंत पोहोचलेली नसते. आरसीसीबीवर ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबून बघा, ताबडतोब पडली पाहिजे. कूलर खिडकीच्या लोखंडी ग्रिलला टेकवून ठेवू नका. ग्रिललाही करंट येतो.

पाऊस स्थिरावला की कूलरचा उपयोग संपतो. त्या दिवसांत धाकट्या खोलीला पंखा चांगला हवा : १२०० मिलिमीटरचा, बीएलडीसी मोटरचा घ्या. साधा पंखा ७५ वॅट घेतो, हा ३०-३५ वॅटमध्ये चालतो आणि इन्व्हर्टरवर त्याचा फार फरक पडतो. मात्र फक्त रिमोटवर चालणारा घेऊ नका. पाहुण्यांच्या सामानात रिमोट निघून जातो आणि पुढचा माणूस रात्रभर एकाच वेगात झोपतो. भिंतीवरूनही चालेल असा मागा.

नळाच्या उकळत्या पाण्याचं कारण तुमच्या गच्चीवरच उभं आहे. टाकी उन्हात, पाइप उन्हात. दुपारी तीनला थंड नळाखाली हात धरवत नाही. टाकीवर सावलीसाठी पत्रा किंवा दुहेरी हिरवी जाळी, टाकीला पांढरा रंग, आणि गच्चीवरच्या उघड्या पाइपांना फोमची नळी. पाइपांकडे सगळे दुर्लक्ष करतात, पण नळ सोडल्यावर पहिली बादली येते ती पाइपातल्या पाण्याचीच. शिवाय बाथरूममध्ये झाकणाचा ५० लिटरचा ड्रम ठेवा आणि उन्हाळ्यात तो पहाटे भरून ठेवायला सांगा. उन्हातून सफारी करून आलेल्या माणसाला त्या ड्रममधलं पाणी डोक्यावर घेताना जे बरं वाटतं, ते कोणत्याही वॉलपेपरने वाटणार नाही.

हिवाळ्याची गोष्ट उलटी. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो आणि टाकीतलं पाणी बोचतं. १५ लिटरचा गिझर पूर्ण तापला तर त्यातून अंगावर घेण्याजोगं साधारण २८ लिटर पाणी होतं, म्हणजे दीड बादली. पुन्हा तापायला २५ मिनिटं. चौघांना सातला निघायचं असेल तर गणित जमत नाही. २५ लिटरचा बसवा. पाणी जड असेल तर दोन वर्षांतून एकदा आतला अॅनोड रॉड आणि कॉइल बघून घ्यायची, क्षाराचा थर बसला की गिझर वीज खातो आणि पाणी कोमट देतो.

बाथरूमच्या वासाबद्दल. फ्लॅट दहा-बारा दिवस बंद राहिला की हा वास येतो ना? फरशीच्या जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये जे पाणी साचलेलं असतं, तेच गटाराची हवा अडवतं. उन्हाळ्यात ते आठवड्याभरात वाळून जातं आणि मग गटार थेट घरात उघडतं. झुरळंही त्याच वाटेने येतात. पाहुणा यायच्या आदल्या दिवशी बाथरूम, सिंक आणि वॉशिंग मशीनजवळच्या प्रत्येक जाळीत दोन-दोन मग पाणी ओता. घर महिनाभर बंद ठेवायचं असेल तर पाण्यावर चमचाभर खाद्यतेल टाका, वाळणं लांबतं. हे करूनही वास राहिला तर ट्रॅपची वाटी काढून बघा. साफसफाई करणारे ती काढून बाजूला ठेवतात आणि बसवायला विसरतात. सुगंधी वड्या टांगून हा वास जात नाही.

बाथरूमच्या बाकी गोष्टी साध्या आहेत, पण त्याच नसतात. २० लिटरची बादली, मग आणि बसायला ठेंगणं स्टूल, कारण अर्धे पाहुणे शॉवर वापरत नाहीत. कपडे टांगायला किमान पाच हुक. एका माणसाचे काढलेले, घालायचे आणि टॉवेल एवढ्यातच तीन लागतात. ते दाराच्या मागे, पाणी उडणार नाही अशा उंचीवर. साबणाची वडी ठेवायला भोकांची जाळी, नाहीतर लगदा होतो. कमोडशेजारी भिंतीत पक्कं बसवलेलं पकडायचं हँडल, जमिनीपासून साधारण ३३ इंचांवर. दवाखान्याचं माणूस घरात आलं की त्याची किंमत कळते. फरशी गुळगुळीत असेल तर अख्खी बदलू नका. खडबडीत करणारं रसायन मिळतं, ते लावून घ्या. पाणी जाळीकडे जात नसेल, कोपऱ्यात साचत असेल, तर मात्र उतार नव्याने काढावाच लागेल.

आता पलंग. तुमच्याकडे मोठ्या खोलीत पेटीचा पलंग असेल आणि तो कुरकुरत नसेल तर तोच ठेवा. तपासायची पद्धत : रात्री खोली शांत असताना त्यावर झोपून चार वेळा कुशी बदला. आवाज आला तर सगळे बोल्ट आवळा आणि लाकूड लाकडाला घासतं तिथे नमद्याची पट्टी घाला. गादीसह पलंगाची उंची १८ ते २० इंच असू द्या, त्याहून कमी असली तर वयस्कर माणसाला उठता येत नाही. दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट मोकळे हवेत. दहा फुटांच्या भिंतीशी सहा फुटांचा पलंग ठेवला तर तेवढेच उरतात, म्हणजे मध्ये खुर्ची घुसवायची नाही. धाकट्या खोलीसाठी नवे घ्यायचे ते ३ बाय ६.५ फुटांचे दोन सुटे पलंग. अधिवेशनाला आलेले दोन सहकारी एका पलंगावर झोपत नाहीत. जोडपं आलं तर दोन्ही जोडून मध्ये पट्टा लावता येतो.

मेमरी फोमची गादी आपल्या उन्हाळ्यात पाठीखाली तापते, ती टाळा. सहा इंचांची, आत घट्ट थर आणि वर मऊ थर असलेली मध्यम कडक गादी बहुतेकांना मानवते. त्यावर पाणी न झिरपणारं पण सुती वरच्या थराचं कव्हर. नुसत्या प्लास्टिकचं असेल तर माणूस घामाने भिजतो आणि रात्रभर खुसखुस आवाज येतो. आलमारीत ३ बाय ६ च्या दोन कापसाच्या गाद्या ठेवा. आपल्याकडे चौघांचं बुकिंग करून सहा जण येतात, दसऱ्याला आणि लग्नसराईत तर हमखास. कापसाची गादी वर्षाआड पिंजून घेता येते, उन्हात टाकली की पुन्हा फुगते.

चादरी पलंगामागे तीन जोड : एक अंथरलेला, एक धुण्यात, एक आलमारीत. दोनच जोड असले की पावसाळ्यात ओलसर चादर अंथरायची वेळ येते. ६ बाय ६.५ च्या पलंगाला १०८ बाय १०८ इंचांची, सुट्या पलंगाला ६० बाय ९० ची. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, त्यामुळे अगदी मापात घेऊ नका. गांधीबागेच्या कापडबाजारात थानातून कापड घेऊन शिवून घेतलं तर सगळे संच एकसारखे होतात, आणि एक फाटली म्हणून जोडी मोडत नाही. रंग पांढराच घ्या, कडेला बारीक रंगीत पट्टी हवी तर असू द्या. पांढऱ्यावर डाग दिसतो हाच त्याचा फायदा : स्वच्छ आहे हे पाहुण्याला दिसतं आणि सगळ्या एकदम ब्लीचमध्ये टाकता येतात.

डाग पडणारच आहेत. रात्री सावजीचा रस्सा बांधून आणून पलंगावर बसून खाणारे पाहुणे थांबवता येत नाहीत. हळदीच्या पिवळ्या डागावर साबण चोळला की तो लालभडक होतो. साबणातल्या खारामुळे हळद रंग बदलते. घाबरून तिथे ब्रशने घासू नका, सूत फाटेल. आधी तेल निघेल असं भांडी घासायचं द्रावण लावून दहा मिनिटांनी थंड पाण्याने धुवा, लालसर रंग पिवळा होईल, मग चादर ओली असतानाच कडक उन्हात घाला. हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. नागपूरच्या उन्हात एका दुपारी पुसट होतो, दुसऱ्या दिवशी गेलेला असतो. इस्त्री मात्र डाग जाईपर्यंत करायची नाही.

उशा माणशी दोन, एक घट्ट आणि एक मऊ. टॉवेल ३० बाय ६० इंच, ४०० ते ४५० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम). त्याहून जाड टॉवेल दुकानात हाताला छान लागतो, पण पावसाळ्यात वाळत नाही आणि त्याला कुबट वास धरतो. हिवाळ्यासाठी प्रत्येक अंथरुणाला एक रजई आणि तिला काढून धुता येईल अशी सुती खोळ. रजया उन्हाळ्यात पलंगाच्या पेटीत ठेवताना पूर्ण कोरड्या असल्या पाहिजेत.

एक वही घेऊन अंधारात त्या पलंगावर आडव्या व्हा आणि तपासा. उशीशी हात लांबवला तर दिव्याचं बटण लागतं का? पंख्याचं? मोबाइल लावायची जागा दोन्ही बाजूंना आहे का? चष्मा, पाण्याचा पेला, औषधाची पाकिटं कुठे ठेवायची? परक्या घरात रात्री दोनला जाग आलेला माणूस भिंत चाचपडतो, आणि तिथेच त्याला घर परकं वाटतं. पलंगाच्या दोन्ही बाजूंना एकेक सॉकेट, दारापाशी आणि उशीपाशी मिळून दिव्याचा टू-वे स्विच, आणि पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर अर्ध्या वॅटचा दिवा, खाली घोट्याच्या उंचीवर. हे एका इलेक्ट्रिशियनचं एक-दीड दिवसाचं काम आहे. एक्स्टेंशन बोर्ड लटकवून भागवू नका. त्यावर कोणीतरी इस्त्री लावतो आणि तो वितळतो. बेडरूमचे दिवे पिवळसर, ३००० केल्व्हिनचे; पांढरा झगझगीत दिवा फक्त ओट्यावर आणि आरशापाशी.

वीज जातेच. १००० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची एक बॅटरी दोन पंखे, चार दिवे आणि वायफाय चार-पाच तास ओढते. एसी, गिझर, फ्रिज त्यावर टाकायचे नाहीत. उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी लवकर उडतं, महिन्यातून एकदा पातळी बघा आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला.

स्वयंपाकघराचा पसारा लहान ठेवा. पाहुणे चहा करतात, बाळाचं दूध तापवतात, फार तर खिचडी लावतात. घरगुती लाल सिलिंडर अशा व्यवसायात वापरणं नियमात बसत नाही, आणि परक्याच्या हाती गॅस देणंही धोक्याचं. इंडक्शन शेगडी द्या, तिला १६ अँपिअरचा सॉकेट, आणि भांडी तिच्यावर चालतील अशी सपाट बुडाची : तीन लिटरचा कुकर, दोन गंज (पातेली), एक तवा, एक कढई. अॅल्युमिनियमची जुनी भांडी तिच्यावर तापतच नाहीत. चुंबक बुडाला चिकटतं का ते दुकानातच बघा. सांडशी, चहाची गाळणी, धारेचा चाकू आणि कात्री या चार वस्तू बहुतेक भाड्याच्या घरांत नसतात. पहाटे निघणाऱ्यांसाठी एक लिटरचा थर्मास. आणि खिडकीजवळ तिवईवर माठ, लांब दांड्याचं ओगराळं आणि वर झाकण घालून. फ्रिजमधल्या बाटल्या असल्या तरी उन्हातून आलेला माणूस माठाकडेच वळतो. माठ आठवड्याला आतून नुसत्या हाताने आणि मिठाने घासायचा, साबण लावायचा नाही. माती तो शोषून घेते आणि पाण्याला चव येते.

हॉलला फार काही नको. मखमलीवर नागपूरची धूळ बसते आणि मेमध्ये त्यावर बसवत नाही. सुती, काढून धुता येईल अशा खोळीचा साधा दिवाण घ्या, रात्री त्यावर एक माणूस झोपतो. बॅगा ठेवायला गुडघ्याएवढं बाक आणि दारापाशी चपलांची मांडणी, इतकंच. लाकडी काम करून घ्यायचं असेल तर ओल लागते तिथे आयएस ७१० ची प्लायवुड, कोरड्या जागी आयएस ३०३ ची चालते. शिक्का फळीवर असतो, तो बघून घ्या. पार्टिकल बोर्डची स्वस्त आलमारी पोछ्याच्या पाण्याने खालून फुगते. कोणतीही आलमारी जमिनीपासून चार इंच वर, स्टीलच्या पायांवर. वाळवी येत असेल तर खाली वाकून दिसते.

दोन लाखांची मोटामोटी वाटणी अशी धरा : एसी बसवण्यासकट ४५ हजार, दोन सुटे पलंग आणि गाद्या ५०, चादरी-उशा-टॉवेल १८, बाथरूम आणि टाकी २२, वीजकाम १२, इन्व्हर्टर २२, कूलर १२, स्वयंपाकघर ८. उरलेले ११ हजार गच्चीच्या रंगात आणि चिकांत जातील. कमी पडले तर इन्व्हर्टर पुढच्या वर्षावर ढकला, वीजकाम नको.

स्वयंपाकघरात दोन किलोचं एबीसी अग्निशामक, आणि प्रथमोपचाराच्या डब्यात ओआरएसची पाकिटं ठेवा. दुपारी फिरून आलेल्यांना ती लागतात. सोसायटीची संमती कागदावर असू द्या, आणि परदेशी पाहुणा आला तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते, हे ध्यानात ठेवा. सगळं झालं की नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या ऐन उन्हाच्या नऊ दिवसांत, एक रात्र तुम्ही दोघांनी तिथे झोपून बघा. घरून काहीही न नेता जा, दात घासण्यापासून चहापर्यंत सगळं तिथल्याच वस्तूंवर करा. जे जे आणायला उठावंसं वाटेल ते वहीत लिहा.

बंगईचं म्हणाल तर तुमच्या ह्यांची इच्छा चांगली आहे. मुलं असलेल्या पाहुण्यांना ती फार आवडेल. फक्त ती छताला टांगू नका. तुमच्यावर गच्ची आहे. स्लॅब पाच इंचांच्या आसपास असतो, आणि त्यात हुकांसाठी खोल भोकं पाडली की वरचा वॉटरप्रूफिंगचा थर हादरतो आणि पावसाळ्यात नेमकं तिथून पाणी उतरतं. जमिनीवर उभी राहणारी लोखंडी चौकट असलेली बंगई घ्या, पायांना रबराच्या टोप्या घालून, म्हणजे खालच्या मजल्यावर दुपारी आवाज जात नाही. पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळे सोडा, मागे काचेची खिडकी येऊ देऊ नका. आणि कड्यांच्या साखळीला जाड सुती कापडाची खोळ शिवून घाला, झोका घेताना लहान मुलांची बोटं कड्यांत अडकतात.